अस्सल चिनी, नकली चिनी आणि आम्ही पत्रकार

पोस्ट थोडी मोठी आहे, सवडीने वाचा.

‘द प्रेस्टिज’ हा क्रिस्टोफर नोलनचा २००६ चा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. क्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या १९९५ च्या कादंबरीवर बेतलेला. जुन्या लंडनमधले दोन जादूगार, त्यांचं हाडवैर, एकमेकांची गुपितं चोरण्यासाठी केलेले उद्योग. शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विरस नको.

या सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. एक म्हातारा चिनी जादूगार रंगमंचावर पाण्याने भरलेलं माशांचं भांडं हवेतून काढतो. भांडं त्याच्या झग्याखाली, दोन्ही गुडघ्यांत धरलेलं असतं. कुणाला संशय येऊ नये म्हणून तो रस्त्यातही पांगळ्यासारखाच चालतो. सिनेमात त्याचं नाव आहे चुंग लिंग सू. हे नाव खरं आहे. या नावाचा जादूगार लंडनमध्ये खरंच गाजला होता. फक्त तो चिनी नव्हता.

त्याचं खरं नाव विल्यम रॉबिन्सन. १८६१ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेला गोरा अमेरिकन. हुशार कारागीर, पण बरीच वर्षं पडद्यामागचा माणूस. केलर आणि हरमन हे त्या वेळचे अमेरिकेतले दोन बडे जादूगार, एकमेकांचे स्पर्धक. रॉबिन्सनने दोघांकडेही नोकरी केली. मधे ‘अहमद बेन अली’ बनूनही खेळ केले. म्हणजे सोंग घेण्याची सवय जुनीच.

१८९८ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहाच्या प्रदर्शनासाठी एक अस्सल चिनी जादूगार आला. चिंग लिंग फू, मूळ नाव झू लियानक्वेई. रिकाम्या कापडातून पाण्याने काठोकाठ भरलेलं मोठं भांडं काढणं हा त्याचा हुकमी खेळ. हा खेळ करून दाखवणाऱ्याला हजार डॉलर देऊ, अशी जाहिरातही झाली. रॉबिन्सन पुढे आला, पण त्याला संधी दिली नाही. तो अपमान त्याने मनात ठेवला. १९०० मध्ये डोकं भादरून, वेणी लावून, चेहरा रंगवून तो आधी पॅरिसला आणि मग लंडनला चिनी म्हणून उभा राहिला. नावसुद्धा फूच्या नावाशी यमक जुळणारं. त्याची बायको डॉट झाली ‘सुई सीन’. स्टेजवर तो एक शब्द बोलत नसे. पत्रकार भेटायला आले की हा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणार आणि दुभाषा त्याचं इंग्रजी करून सांगणार.

इथे मला हसू येतं आणि येतही नाही. वीसेक वर्षं तालुक्याच्या पत्रकार परिषदांना बसतोय. साहेब मान हलवतात आणि शेजारचा सांगतो, ‘साहेबांचं म्हणणं असं आहे की...’ आम्ही तेच लिहून घेतो.

असो. १९०४ च्या अखेरीस फू स्वतः लंडनला आला. दोघांची थिएटरं लीस्टर स्क्वेअरच्या परिसरातच. फूने उघड आव्हान दिलं की हा माणूस चिनी नाहीच, ते मी सिद्ध करतो, आणि जादूतही माझी बरोबरी करून दाखवावी. हजार पौंडांची पैज लागली. ‘वीकली डिस्पॅच’ या पेपरने आपल्या कचेरीत सामना ठेवला. जानेवारी १९०५. ठरल्या वेळी सू मोटारीतून, थाटात आला, खेळ करून दाखवले, टाळ्या घेतल्या. फू आलाच नाही. त्याचं म्हणणं होतं, आधी चिनी वकिलातीसमोर तो चिनी असल्याचं सिद्ध होऊ द्या, मग जादूचं बघू.

मागणी साधी होती. वकिलातीत पाच मिनिटांचं काम. पण पेपरला सामना हवा होता. ‘हा माणूस कोण?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘भारी कोण?’ हा पुढे आला. लोकांनाही तेच पुरेसं होतं. अस्सल माणूस हरलेला ठरला, नकली जिंकला. त्यांच्या मनातल्या चिनी माणसाच्या चित्रात अस्सल चिन्यापेक्षा सूच जास्त चपखल बसत होता. आणि त्याच काळात, १८८२ च्या कायद्याने, अमेरिकेने चिनी मजुरांना आपली दारं बंद केली होती. चिनी वेषाला टाळ्या, चिनी माणसाला मज्जाव.

पुढे तेरा वर्षं सू गाजत राहिला. लंडनमध्ये त्याचा दुसरा संसारही होता, तीन मुलं होती. सिनेमा पाहिलेल्यांना इथे काहीतरी आठवेल.

२३ मार्च १९१८, उत्तर लंडनमधलं वुड ग्रीन एम्पायर. खेळ होता बंदुकीची गोळी पकडण्याचा, गोष्ट बॉक्सर बंडखोरांनी ठोठावलेल्या मृत्युदंडाची. बंदूक ठासणीची. युक्ती अशी की ठिणगी मुख्य नळीपर्यंत पोचायचीच नाही. खालची, ठासणीचा गज ठेवायची नळी तेवढी उडायची. आवाज, धूर सगळं खरं, गोळी मात्र आतच. पण वर्षानुवर्षांच्या वापराने जोड झिजला, दारू झिरपली आणि त्या रात्री मुख्य नळी उडाली. सूच्या छातीत गोळी लागली. आणि इतकी वर्षं मुका राहिलेला ‘चिनी’ इंग्रजीत बोलला की काहीतरी विपरीत झालंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत निर्णय झाला अपघाताचा.

जादूगाराला मी दोष देत नाही. फसवणं हा त्याचा धंदा, आणि प्रेक्षक त्याचंच तिकीट काढतो. पेपरचा धंदा मात्र तो नव्हता. त्या कचेरीत नजरबंदी पकडायला टपलेले सगळे त्याच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे कुणी बघितलं नाही.

आता निवडणुका आल्या की आपल्याकडेही सामने रंगतील. याने किती कामं केली, त्याने किती, कुणाची सभा मोठी. तुमच्या गावातल्या सभेत फूचा तो पहिला प्रश्न कुणी विचारला तर मला जरूर कळवा. बातमी मी करतो.