धुराड्याची धग

सातपुड्याच्या पायथ्याचे शेंदूरजनाघाट ओळखले जाते ते संत्र्याच्या बागांसाठी आणि कलमांच्या रोपवाटिकांसाठी. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कोवळे कलम असो की झाडावरचे आंबिया बहाराचे फळ, त्याला पाण्याची खरी गरज एप्रिल-मे महिन्यांत. वऱ्हाडात पारा तेव्हा ४५ अंशांकडे सरकतो. मोट मागे पडली आणि विजेचा पंप अजून आला नव्हता, त्या मधल्या काळात विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला सर्वांत जास्त राबावे लागे ते नेमके याच दिवसांत.

या इंजिनांचा एक नमुना इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचा: ६ अश्वशक्ती, मिनिटाला ६५० फेरे. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने पुढे भरपूर केली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली.

जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा पंप फिरवतो, तेवढीच उष्णता इंजिन थंड ठेवणारे पाणी नेते, आणि जवळपास तेवढीच धुरावाटे जाते. सिलिंडर निववायला विहिरीचे पाणी हाताशी होते. धुराड्याला मात्र कोणाचाच आधार नव्हता. पूर्ण भारावर त्यातला धूर ४०० अंशांच्याही पुढे जातो. कारखान्यातून आलेली बिडाची नळी आखूड आणि जाड असे. इंजिन खोलीत बसवले की धूर भिंतीबाहेर काढण्यासाठी वरून लोखंडी पाइप जोडावा लागे, आणि अडचण तिथे सुरू होई. पातळ पाइप झटकन तापतो आणि आपली धग शेजारच्या वस्तूंवर टाकतो. डिझेलची रबरी नळी कडक होऊन तडकते. तिच्यातून गळलेला थेंब अशा पाइपावर पडला तर पेट घेऊ शकतो, कारण डिझेल सुमारे २१० अंशांनाच आपोआप पेटते. शिवाय मीटरभर लोखंडी पाइप ४०० अंशांनी तापला की जवळपास ५ मिलिमीटर लांबतो. भिंतीत तो घट्ट चिणला असेल, तर सगळा ताण जोडावरच्या बोल्टांवर आणि गॅस्केटवर येतो. भिंतीत थोडी सैल जागा ठेवणे म्हणूनच फार मोलाचे. तापलेल्या बिडावर ओले गोणपाट टाकणे मात्र घातक: बीड तडकते.

अशा पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची रीत जगभर होती. फेऱ्याला फेरा भिडवत जायचे आणि टोक तारेने आवळायचे. धग आत राही, पण जुन्या दोरीचा भुगा श्वासातून फुप्फुसात जाई. त्याने कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले. ती दोरी हाताळणाऱ्या माणसांना हे आधी कोणी सांगायला हवे होते.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. वीज विहिरीपर्यंत पोहोचत गेली, तशी इंजिने मागे पडली. धगीचा प्रश्न मात्र जीप आणि मोटारसायकलींसोबत रस्त्यावर राहिला. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारी नळी, काढून पातळ नळ्यांचा हेडर बसवला की स्टार्टर, प्लगच्या तारा आणि ब्रेकच्या नळ्या भाजू लागतात. आता गुंडाळायला काचतंतूची किंवा बेसाल्टच्या तंतूंची पट्टी मिळते. वऱ्हाडातल्या कितीतरी विहिरी ज्या काळ्या दगडात फोडल्या, तोच हा बेसाल्ट. ही पट्टी ओल धरते, त्यामुळे साधी लोखंडी नळी पट्टीखाली गंजते. पावसाळ्यात चालणाऱ्या गाडीला म्हणून पत्र्याचा आडोसा बरा: नळी आणि पत्रा यांत बोटभर हवा मोकळी ठेवली की पलीकडची तार वाचते.