बिली चाइल्डिश आणि ‘स्टकिझम’ची पहिली दोन वर्षे

कल्पनेलाच कलाकृती मानणाऱ्या संकल्पनात्मक कलेला विरोध करीत आणि चित्रकलेचा कैवार घेत लंडनमध्ये १९९९ साली उभी राहिलेली चळवळ म्हणजे ‘स्टकिझम’. चार्ल्स थॉमसन आणि बिली चाइल्डिश हे तिचे दोन संस्थापक. चळवळीचे नाव चाइल्डिश यांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून पडले, तिच्या जाहीरनाम्यांवर त्यांचे नाव राहिले. पण २००१ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. चित्रकलेवरील त्यांची निष्ठा मात्र तसूभरही ढळली नाही. त्यामुळेच हा अल्पकालीन सहभाग कलेच्या इतिहासात लक्षवेधी ठरतो.

चॅटमची गोदी ते मेडवेचे कवी

चाइल्डिश यांचा जन्म १ डिसेंबर १९५९ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील चॅटम या गावी झाला. मूळ नाव स्टीव्हन जॉन हॅम्पर. वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते तेथील नौदलाच्या गोदीत पाथरवटाचे काम शिकू लागले. वाचन-लेखनात अडथळा आणणाऱ्या डिस्लेक्सियाचे निदान बरेच उशिरा, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी झाले. गोदीत चहाच्या सुटीतल्या खोपटांत बसून त्यांनी काही महिन्यांत सुमारे ६०० रेखाटने केली. त्यांच्या बळावर लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेत प्रवेश मिळाला. मात्र तेथील शिस्तीशी त्यांचे जमले नाही आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले.

याच सुमारास, १९७९ मध्ये, मेडवे नदीच्या परिसरातील तरुण कवींचा एक गट तयार झाला होता. थॉमसन, बिल लुईस, सेक्स्टन मिंग आणि चाइल्डिश हे त्यात होते. वीस वर्षांनंतरच्या चळवळीची बीजे या मैत्रीत सापडतात.

टोमण्यातून जन्मलेले नाव

पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कलावती ट्रेसी एमिन आणि चाइल्डिश हे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सहचर होते. नंतर एमिन यांनी चित्रे रंगवणे सोडून वस्तू व मांडणशिल्पांची वाट धरली. चित्रकलेला चिकटून राहिलेल्या चाइल्डिश यांना त्यांनी, तू एकाच जागी अडकला आहेस, असे सुनावले. हा टोमणा चाइल्डिश यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कवितेत नोंदवला होता. थॉमसन यांनी जानेवारी १९९९ मध्ये ‘अडकलेला’ या अर्थाचा त्यातील ‘स्टक’ हा इंग्रजी शब्द उचलला आणि त्यावरून चळवळीचे नाव बेतले. हिणवण्यासाठी वापरलेला शब्द ब्रीद म्हणून मिरवला गेला.

आरंभी १३ कलावंत एकत्र आले. ४ ऑगस्ट १९९९ ही तारीख असलेल्या जाहीरनाम्यात २० कलमे होती. रंगवत नाही तो कलावंतच नव्हे, हे त्यातील सर्वांत गाजलेले विधान. हातकौशल्याच्या चमत्कृतीपेक्षा प्रामाणिकपणा मोठा आणि चुकण्याची, फसण्याची तयारी हवी, हा आग्रहही त्यात होता. सप्टेंबरमध्ये शोरडिच भागात पहिले प्रदर्शन भरले. पुढच्याच महिन्यात टेट कलादालनातील टर्नर पारितोषिकाच्या प्रदर्शनात एमिन यांचा अस्ताव्यस्त पलंग मांडला गेला आणि वर्तमानपत्रांना दोन टोके आयती मिळाली.

मार्च २००० मध्ये दोघांनी ‘रीमॉडर्निझम’ हा दुसरा महत्त्वाचा जाहीरनामा काढला. आधुनिकतेतील मूळची आध्यात्मिक ओढ कलेत पुन्हा यावी, अशी त्याची मागणी होती. टेटचे तत्कालीन संचालक सर निकोलस सेरोटा यांनी त्यावर भाष्य करण्याचे नाकारले.

निषेध की चित्र?

यानंतर चळवळीचा तोंडवळा बदलत गेला. टर्नर पारितोषिकाच्या वेळी विदूषकाच्या वेशात टेटबाहेर निदर्शने होऊ लागली आणि थॉमसन यांच्या पुढाकाराखाली ती दरवर्षीची प्रथा बनली. प्रसिद्धी मिळाली, शाखा वाढल्या. कालांतराने पन्नासहून अधिक देशांत दोनशेवर गट नोंदले गेले. पण चित्रे रंगवा, असे सांगणारी चळवळ लोकांच्या लक्षात राहिली ती मुख्यतः न रंगवणाऱ्यांविरुद्धच्या घोषणांमुळे. चाइल्डिश यांचा पिंड या धामधुमीचा नव्हता. जाहीरनाम्यांतील विचार मान्य ठेवूनच २००१ मध्ये त्यांनी गट सोडला.

त्यानंतरही व्हॅन गॉग आणि मुंक यांचा वारसा उघडपणे सांगणारी त्यांची चित्रे अखंड येत राहिली. शंभराहून अधिक ध्वनिमुद्रिका आणि कवितासंग्रहांची रांग हा त्यांच्या निर्मितीचा दुसरा भाग. ज्या प्रस्थापित कलाविश्वाने त्यांना दूर ठेवले, त्याच विश्वातील लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सने २०१० मध्ये त्यांचे एकल प्रदर्शन भरवले. पुढे बर्लिन व न्यूयॉर्कची नामांकित कलादालनेही त्यांची चित्रे मांडू लागली.

काळाने दोन्ही बाजूंची थोडी गंमतच केली. एमिन यांचा पलंग २०१४ मध्ये लिलावात २५ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेला. पण खुद्द एमिन पुढे पुन्हा चित्रकलेकडे वळल्या. आणि १९८४ मध्ये नौदलाने बंद केलेल्या, आता वारसास्थळ म्हणून जपलेल्या चॅटमच्या त्याच गोदीत चाइल्डिश यांनी आपली चित्रशाळा थाटली.