बिल्ला आणि तारे

मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता त्या काळी, मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीतून हैदराबादेत १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्थानकावर वळकटी घेऊन उतरणाऱ्या विद्यार्थ्याचा या राजधानीशी पहिला व्यवहार होई तो टांगेवाल्याशी. भाडे आधी ठरवून बसावे आणि उतरताना पुन्हा हुज्जत घालावी, हा त्या व्यवहाराचा उभयपक्षी मान्य दस्तूर.

भाडोत्री वाहनाच्या चालकास वठणीवर ठेवण्याचे जुने साधन म्हणजे परवाना आणि बिल्ला. मुंबईत १८६३ च्या कायद्याने सार्वजनिक वाहने सरकारी नियमनाखाली आली, आणि पुढे मोटारींच्या जमान्यातही टॅक्सीवाल्याच्या छातीवर तो नंबराचा धातूचा तुकडा राहिला. नंबर टिपून घेणाऱ्या उतारूला मात्र स्वतःच्या नावानिशी फिर्याद गुदरावी लागे, आणि ज्याच्यावर ती गुदरली त्यास आपली कैफियत मांडण्यास वाव असे. हैदराबादेत १९२० ते १९३४ पर्यंत कोतवाल असलेल्या राजाबहादूर वेंकटराम रेड्डींचा दरारा मोठा. पण ज्याचा दरारा तो मनुष्य कोण, हे निदान गावास ठाऊक होते.

आता माधापूरहून शमशाबादच्या विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारीत बिल्ल्याचे काम काचेजवळ अडकविलेला मोबाईल करतो, आणि सामान उतरवून देताना चालक काहीशा संकोचाने पुटपुटतो, "साब, फाईव्ह स्टार दे देव." उबरच्या हिशेबात चालकाचे रेटिंग म्हणजे अखेरच्या पाचशे उतारूंनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी, तिची किमान मर्यादा शहरागणिक निराळी, आणि तिच्याखाली घसरलेल्याचे खाते बंद पडू शकते. मुरलेल्या चालकास पाचशेंत एखाद्याने एकच तारा दिला तर सरासरी ४.९९२ होते, म्हणजे केसालाही धक्का नाही. नवख्याच्या पहिल्या वीस फेऱ्यांत तोच तारा तिला ४.८० वर आणतो.

खरी पंचाईत आमच्या पिढीची. साठ टक्क्यांना पहिला वर्ग आणि ऐंशी टक्क्यांना गावभर पेढे, अशा शाळांतून आम्ही शिकलो. त्यामुळे पाचांपैकी चार तारे देताना आपण पाठ थोपटली असेच आम्हांस वाटते. परंतु प्रत्येकाने अशी पाठ थोपटली, तर सरासरी ४.०० होऊन, या धंद्याच्या परिभाषेत, तो बिचारा नापासाच्या उंबरठ्यावर येतो. हे कळेपर्यंत मी किती जणांना सद्भावनेने चार तारे दिले असतील, याची गणती नाही.

चालकही उतारूस तारे देतात, हे तर मला त्याहून उशिरा समजले. भाचीने माझ्या मोबाईलवर माझा आकडा काढून दाखविला: ४.६२. मेहदीपट्टणच्या वळणावर हुज्जत घातली होती त्या गृहस्थाचे हे काम, की गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटे ताटकळलेल्या दुसऱ्या कुणाचे? कैफियत तयार आहे. ती कोणापुढे मांडावी, एवढेच भाचीस सांगता आले नाही.