जकात, मक्स आणि मिठाचा कर

कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल या चारही बाजूंचे रस्ते शीळफाट्यावर एकत्र येतात. इथल्या एखाद्या जुन्या ट्रकचालकाला जकात म्हणजे काय ते विचारा. तो नाका, पावती आणि रांग सांगेल. हाच शब्द मुंब्र्यात मशिदीबाहेर उच्चारला तर अर्थ पार बदलतो: वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के, गरिबांचा हक्क. अरबी शब्द मराठीत आला खरा, पण फकीहांनी ज्याला मक्स म्हणून धिक्कारलं, नेमका त्याच वसुलीला जाऊन चिकटला. आपली जकात बचतीवर असते. नाक्यावरची जकात मालाच्या किमतीत शिरायची आणि मजुराच्या खिशातून निघायची. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर संपली.

करांचा हा हिशेब इब्न खल्दूनने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’त मांडला होता. राज्य नवं असतं तेव्हा कर हलके असतात, लोक उमेदीने कष्ट करतात, खजिना भरतो. पुढे दरबाराचा खर्च वाढतो, कर चढतात, उमेद खचते आणि शेवटी वसुलीच घटते. १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीही त्याचा दाखला दिला. आपल्या लोकांना त्याचं फार कौतुक!

मला मात्र रेगनपेक्षा गोपाळ कृष्ण गोखले जवळचे वाटतात. कोकणातल्या कोतळूकचे, न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य, मिल कोळून प्यायलेले उदारमतवादी. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी विचारलं ते असं: लोक दुष्काळाने होरपळलेत, मग सरकारकडे शिल्लक कसली? ही शिल्लक समृद्धीची खूण नाही, जास्त कर वसूल केल्याची आहे. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता, आणि मीठ तर गरिबालाही लागतंच. १९०३ पासून तो उतरत गेला, १९०७ मध्ये एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, पण आकडेवारी घेऊन सरकारला सभागृहात अडवायची रीत त्यांनी घालून दिली.

तरुण जिनांना ‘मुस्लिम गोखले’ व्हायचं होतं, हे आपल्याकडे फक्त फाळणीच्या भांडणात आठवतं. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, तेव्हा जिना त्यांच्या बाजूने बोलले, हे कुणी सांगत नाही. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.