पिन, हात आणि दोन बिंदू : प्रस्तावना

दादरा-नगर हवेलीच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यासाठी पैसा उभा करायला सुधीर फडक्यांनी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठरवला. २ ऑगस्ट १९५४ रोजी तिथलं सिल्वासा मुक्त झालं, त्या लढ्यात हे संगीतकार स्वतः उतरले होते. पुढल्याच वर्षी, १ एप्रिलला, त्यांनी स्वरबद्ध केलेलं ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. याच दादरा-नगर हवेलीतल्या सुरंगी गावात बसून बाबूजींची, म्हणजे फडक्यांची, रेकॉर्ड लावणाऱ्याचा त्यांच्यावर इतरांपेक्षा थोडा जास्त हक्क आहे, असं मी समजतो. ती रेकॉर्ड घरच्या घरी नीट वाजावी, यासाठी हे पुस्तक.

अडचण भूमितीची आहे. मूळ तबकडी कापणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या टर्नटेबलचा हात मात्र एका खुंटीभोवती वळतो, म्हणून पिन खाचेशी नेमक्या कोनात फार थोडा वेळ असते. १९२४ साली इंग्लंडात पर्सी विल्सन यांनी या प्रश्नाला हात घातला. १९३८ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी त्याचं गणित मांडलं आणि १९४१ मध्ये बेरवाल्ड यांनी ते पुढे नेलं. उपाय असा: कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवलेली छोटी पेटी, हाताशी थोडी तिरपी बसवायची आणि पिनेचं टोक तबकडीच्या मधल्या दांड्याच्या किंचित पुढे जाऊ द्यायचं. मग कोनाची चूक दोन ठिकाणी शून्य होते, बाकी सर्वत्र थोडी थोडी उरते. बेरवाल्डच्या हिशेबाने ही ठिकाणं केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलीमीटरवर येतात. १९६६ साली स्टीव्हन्सन यांनी आतला बिंदू ६०.३ वर, म्हणजे जवळजवळ शेवटच्या खाचेवर नेला.

कोणता पाठ घ्यावा? जाणकार बहुधा बेरवाल्डकडे झुकतात, कारण त्यात पूर्ण बाजूभरचा बिघाड सांभाळला जातो. पण आपल्या कपाटातल्या रेकॉर्डी पाहा. ख्यालाची बाजू विलंबिताने उघडते; द्रुत आणि तानांचा भर लेबलाजवळ येतो. तिथेच खाच सर्वांत हळू धावते: बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर, आत जेमतेम २१. तेवढ्या जागेत तीच तान दाटीने कोरलेली असते आणि कोनाची चूक तिथे जास्त बोचते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने म्हणून स्टीव्हन्सनचा विचार जरूर करावा, असं माझं मत आहे. नाट्यगीतं, भावगीतं अधिक वाजवणाऱ्याला बेरवाल्ड पुरेसा.

बाकी कामात चिकाटी लागते, विद्वत्ता नाही. कार्ट्रिजचे दोन स्क्रू १२.७ मिलीमीटर अंतरावर असतात; ते अर्धवट सैल ठेवून मापाच्या कागदावर दोन्ही बिंदूंशी पडताळा करायचा. रेघेशी जुळवायची ती पिन धरणारी बारीक काडी. कार्ट्रिजची पेटी सरळ दिसते म्हणून काडी सरळच असेल, असं नाही. पिनेचा तबकडीवरचा भार छोट्या काट्यावर तोलावा, कार्ट्रिजसोबतच्या कागदावर जो आकडा असेल त्याच्या आसपास. भार फार कमी ठेवला तर पिन खाचेत ठरत नाही, उडते, आणि हलक्या भाराने रेकॉर्ड जपली जाते हा समज खोटा ठरतो.

लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना एलपीची पिन लावू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, त्यासाठी वेगळी जाड पिन मिळते. आणि नवी बसवणी पारखताना आजोबांची एकुलती एक प्रत घेऊ नका. आधी एखादी घासलेली, दुसरी मिळू शकणारी रेकॉर्ड लावा.