दत्त चौकातला आयजीआय

दिवाळीत यवतमाळला गेलो तेव्हा माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. धूळ झटकली, वायरी जोडल्या, तर पठ्ठ्या सुरू झाला. सोबतच्या डब्यात एक सीडी निघाली. तिच्यावर मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आयजीआय 1 आणि 2'. सातवीतला भाचा खुर्ची ओढून शेजारी बसला. पहिल्याच मिशनमध्ये तीनदा मेला आणि वैतागून म्हणाला, "मामा, इथं सेव्ह काऊन होत नाही?"

मी त्याला एका वाक्यात सांगितलं, की या खेळात ती सोयच नाही. पण खरं उत्तर एवढं लहान नाही. आमच्या गावात वीस वर्षांपूर्वी एक धंदा चालायचा आणि त्या धंद्याच्या आडोशाने एक रिवाज वाढला होता. दोन्ही आता उरले नाहीत, आणि दोन्हींचा संबंध त्या न होणाऱ्या सेव्हशी आहे.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं झालं ते 15 ऑगस्ट 1995 ला. यवतमाळच्या गल्ल्यांत कॅफेच्या पाट्या दिसू लागल्या तेव्हा मी हायस्कुलात होतो. आम्ही जायचो तो कॅफे दत्त चौकाजवळच्या एका गाळ्यात होता. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक जाडजूड मॉनिटर, वर भिंतीवर गरगरणारा पंखा आणि दारापाशी वही घेऊन बसलेला मालक. त्याला सगळे भाऊ म्हणत. नाव, यायची वेळ, जायची वेळ, सही. इंटरनेटचा तास 25 रुपये आणि गेमचा 15, कारण गेमला फोनची लाइन लागत नव्हती. लाइन डायल-अपची होती. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यामुळे भाऊंचा खरा गल्ला गेमवर चालायचा, आणि गेम म्हणजे आयजीआय.

'प्रोजेक्ट आयजीआय' 2000 साली डिसेंबरात बाजारात आला. बनवला होता नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातल्या इनरलूप स्टुडिओजने आणि काढला आयडॉसने. आयजीआय म्हणजे 'आय ॲम गोइंग इन', मी आत शिरतोय. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस शत्रूच्या तळात शिरतो, चोरीला गेलेल्या अणुबॉम्बचा माग काढत. एकूण 14 मिशन. इनरलूपने त्याआधी 1997 मध्ये लढाऊ विमानांचा एक खेळ केला होता, 'जॉइंट स्ट्राइक फायटर'. विमानाला लागतं तेवढं मोकळं आभाळ आणि मैलोगणती डोंगर दाखवणारं ते तंत्र त्यांनी पायी चालणाऱ्या माणसाच्या खेळाला लावलं. म्हणून जोन्स टेकडीवर उभा राहिला की खालचा अख्खा तळ दिसायचा. तारेचं कुंपण, टेहळणीचे मनोरे, बराकी, फिरते कॅमेरे. आधी दुर्बीण लावायची, मग पाऊल उचलायचं. आत घुसून कॉम्प्युटरवरून कॅमेरे बंद करता आले तर निम्मं काम झालं. पण एकाने जरी पाहिलं आणि अलार्म वाजला, की बराकीतून शिपाई येतच राहायचे.

पहिल्या मिशनचं नाव 'ट्रेनयार्ड'. आम्हा पोरांना रेल्वे म्हणजे एकच ठाऊक होती, यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज शकुंतला. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. पुढे डिझेल आलं तरी चाल तीच. स्टेशनात फिरताना कुणी हटकत नसे. अशा स्टेशनावर वाढलेल्या पोरांना खेळातलं ते यार्ड पाहून छातीत धडधडायचं. रूळ तेच, वाघिणी त्याच, पण प्रत्येक डब्याआड बंदूकधारी. त्यानंतर मी शकुंतलेच्या स्टेशनात गेलो की नकळत आडोसे शोधायचो. कोणत्या खांबामागून फलाटाचं दुसरं टोक दिसतं, हे मला आजही सांगता येईल.

आता सेव्हची गोष्ट. पहिल्या आयजीआयमध्ये मिशन सुरू झालं की अधेमधे थांबा नाही. पाऊण तास जीव मुठीत धरून खेळा आणि दारात मरा, तर पुन्हा टेकडीपासून सुरुवात. देशोदेशीच्या समीक्षकांनी हा दोष म्हणून नोंदवला. आमच्याकडे त्या दोषात आणखी एक भर पडायची, ती म्हणजे भारनियमन. 2005 च्या आसपास विदर्भात लाइट जाण्याची वेळ हेच दिवसाचं पंचांग होतं. कॅफेतला यूपीएस जुना, पाच मिनिटं टूं-टूं करायचा आणि मान टाकायचा. त्या पाच मिनिटांत मिशन संपलं तर संपलं, नाहीतर 15 रुपये आणि पाऊण तास, दोन्ही पाण्यात.

मशीनला आठवत नव्हतं, म्हणून आम्ही लक्षात ठेवायला लागलो. खुर्चीत एक जण आणि मागे चार. पैसे खुर्चीतल्याचे, डोळे सगळ्यांचे. एकाने डावा मनोरा सांभाळायचा, एकाने कॅमेऱ्याची फेरी मोजायची, तिसऱ्याने गोळ्या. "थांब, थांब, तो वळू दे... आता जाय." लाइट गेली तरी हिशेब तोंडपाठ असायचा. माझ्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर तळांचे नकाशे होते. चौकोन म्हणजे बराक, फुली म्हणजे शिपाई, बाण म्हणजे त्याची फेरी. असे नकाशे वर्गात हातोहात फिरत. दारव्हा आणि आर्णीहून एसटीने कॉलेजला येणारी मोठी मुलं ते उतरवून न्यायची आणि तिकडच्या कॅफेतून नव्या वाटा घेऊन परतायची. कुणीतरी एखादं मिशन अलार्म न वाजवता पार केलं, ही बातमी आठवड्याभरात तालुक्यापर्यंत जायची. मूळ खोका आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. सगळा खेळ नकललेल्या सीड्यांवरून आला होता, आणि त्याचं ज्ञान तोंडी परंपरेने वाढलं होतं.

'आयजीआय 2: कोव्हर्ट स्ट्राइक' 2003 मध्ये निघाला. इनरलूप तीच, प्रकाशक मात्र कोडमास्टर्स. आमच्या गाळ्यात तो वर्ष-दीड वर्षाने पोहोचला. मिशन 19, रशियातून लिबिया आणि तिथून चीनपर्यंत. आपण शत्रूला किती दिसतोय हे दाखवणारी पट्टी आली, अंधारात उष्णतेवरून माणूस हेरणारा चष्मा आला, अनेकांनी मिळून खेळायची सोय आली. आणि सेव्ह आला, मोजका का होईना. या दिवाळीत दोन्ही पाठोपाठ खेळलो, तेव्हा पुन्हा पटलं की कारागिरीत दुसरा सरस आहे. पहिल्यातले शिपाई कधी दूरच्या गोळीने अचूक टिपतात, तर कधी शेजारी साथीदार पडला तरी ढिम्म हलत नाहीत. दुसऱ्यात लपण्याला खरा अर्थ आहे.

तरीही दुसऱ्याचा एकही नकाशा माझ्या वहीत नाही. सेव्ह आल्यावर मागच्या चौघांची गरज राहिली नाही. चुकलं तर मागे जाता येत होतं, मग कॅमेऱ्याची फेरी कोण मोजणार? त्याच सुमाराला काहींच्या घरी कॉम्प्युटर आले. जुळवून देणारा माणूस सोबत चार गेम टाकूनच द्यायचा. खेळ घरात गेला आणि एकट्याचा झाला.

लपतछपत जाण्याच्या खेळांचा वंश तसा जुना आहे. 1981 मध्ये सायलस वॉर्नरने 'कॅसल वुल्फेन्स्टाइन' केला, 1987 मध्ये जपानात हिदेओ कोजिमाने 'मेटल गियर'. 1998 या एका वर्षात 'मेटल गियर सॉलिड', 'थीफ' आणि 'तेन्चू' आले आणि या प्रकाराला घराणं मिळालं. जगाच्या इतिहासात त्यांच्या शेजारी आयजीआयला क्वचितच कुणी बसवतं. पण साधारण मशीनवर चालणारा, एका सीडीवर मावणारा तो खेळ भारतातल्या गावोगावी पोहोचला. आमच्या पिढीने दबा धरणं, वाट पाहणं आणि पहिली गोळी न झाडणं त्याच्याकडून शिकून घेतलं. त्या गावांचा इतिहास लिहिताना त्याला पान द्यावंच लागेल.

इनरलूप दुसऱ्या भागानंतर लवकरच बंद झाली. 2019 मध्ये दुसऱ्याच मंडळींनी 'आयजीआय ओरिजिन्स'ची घोषणा केली. तो माझ्या हाती पडलेला नाही. भाऊंच्या गाळ्यातले प्लायवूडचे खणही गेले. आधी ब्रॉडबँड आलं, मग प्रत्येकाच्या खिशात फोन. गाळा मात्र तग धरून राहिला, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या जोरावर. 2017 मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा त्याच दारात मी शेतकऱ्यांची रांग पाहिली. हातात सातबारा, आधार कार्ड आणि पासबुक. मी जिथे जोन्सला टेकडीवरून उतरवायचो त्या जागी एक म्हातारा मशीनवर अंगठा ठेवत होता. ठसा उमटेना, म्हणून मागचा अनोळखी पोरगा त्याचा अंगठा रुमालाने पुसून देत होता. त्या गाळ्यात एकाच्या कामात मागच्याने हात घालायची सवय तेवढी टिकून होती.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने अर्धं ऐकलं असावं. तो एरवी फोनवर खेळतो, कानाला हेडफोन लावून, दुसऱ्या गावच्या न पाहिलेल्या मुलांबरोबर. चौथ्यांदा मेल्यावर त्याने माउस सोडला. मला वाटलं, आता उठेल. त्याने दप्तरातून वही काढली, मागचं पान उघडलं, एक चौकोन काढला आणि त्याच्या कोपऱ्यात फुली मारली.

"मामा," तो पडद्यावरची नजर न हटवता म्हणाला, "तू त्या मनोऱ्यावरच्याले पाह्य. तो वळला का मले सांग."

मी खुर्ची थोडी मागे सरकवली, त्याच्या खांद्यावरून नीट दिसेल अशी.