बावला प्रकरण: भानगड कोणाची?

आमच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मनोरीच्या तरीवर आमची फार विचारपूस झाली. मार्व्याच्या धक्क्यावर एका गृहस्थांनी विचारले, "काय हो, युनियनवाल्यांना नाचणारणींच्या गोष्टी कधीपासून सुचू लागल्या?" उत्तर देण्याआधी तर सुटली. ते उत्तर आज देतो.

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईचे तरुण व धनाढ्य व्यापारी अब्दुल कादर बावला मुमताज बेगमसह मोटारीतून मलबार हिलवर फिरावयास गेले होते. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या माणसांनी त्यांना अडविले आणि मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न केला. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या तोंडावर वार केले. इतक्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तेथे आले. एकाने गोल्फच्या काठीनेच मारेकऱ्यांशी झुंज घेतली, म्हणून बाई वाचली. बावला मात्र दगावले.

मुमताज ही इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या दरबारची नर्तकी. इंदुरात आपल्याला कैद्यासारखे ठेवले होते, आपल्या तान्ह्या मुलीला दायांनी मारले, असे तिने न्यायालयात सांगितले. ती तेथून निसटली होती आणि परत जावयास तयार नव्हती. एवढाच तिचा अपराध.

शहरात दुसरा विषय उरला नाही. त्याच वर्षी या प्रकरणावर 'कुलीन कान्ता' नावाचा मूकपट निघाला. लोक चवीने बोलत ते बाईच्या रूपाविषयी. पण निकाल पाहा. नऊ आरोपींपैकी तिघांना फाशीची, चौघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. आरोपींत बहुतेक संस्थानचे चाकर. बावलांशी त्यांचे वैर कसले? महाराजांवरचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. कारण त्यांना पिंजऱ्यात उभेच केले नाही. सरकारने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोग किंवा गादीत्याग. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी सोडली, मुलगा यशवंतराव गादीवर आला. १९२८ साली महाराजांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी थाटात लग्नही केले.

त्याच १९२५ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात लादली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. अडीच महिन्यांहून अधिक काळ चुली थंड होत्या. डिसेंबरात सरकारने कापडावरील अबकारी कर थांबविला, तेव्हा कपात मागे घेतली गेली. पोरे उपाशी निजली, त्याला मात्र कोणी भानगड म्हटले नाही, त्यावर मूकपट निघाला नाही.

आम्ही कारखान्यांतल्या पुष्कळ चौकश्यांना बसलो आहोत. हुकूम तोंडी असतो आणि सही खालच्या माणसाची असते. मग नोकरी जाते ती सही करणाराची. म्हणून जुनी भानगड वाचताना आम्ही प्रथम शिक्षेची यादी पाहतो.

आणि मुमताज? तोंडावरचे घाव घेऊन ती भर न्यायालयात उभी राहिली, राजाविरुद्ध बोलली. धक्क्यावरच्या त्या गृहस्थांस आमचे उत्तर हेच: नाचणारीण म्हणून तिला हसू नका. मालकाकडे परत जाण्यास 'नाही' म्हणणे किती कठीण असते, ते आम्हांला ठाऊक आहे.